म्युनिसिपालिटीशेजारची दुसरी सत्ता : मुंबईचा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, १८९८ ते १९३३

शहराचा कारभार पाहणारी निवडून आलेली संस्था जागेवर असताना रस्ते, मोऱ्या, घरबांधणी यांसारखे एखादे मोठे काम तिच्या हातून काढून घ्यायचे आणि स्वतंत्र जमीन, स्वतंत्र उत्पन्न व स्वतंत्र कायदा असलेल्या दुसऱ्या संस्थेकडे ठरावीक हद्दीपुरते सोपवायचे, ही पद्धत महाराष्ट्राला आज सिडको, एमएमआरडीए या नावांमुळे चांगलीच परिचित आहे. भरवस्तीत तिचा पहिला मोठा प्रयोग मुंबईत १८९८ साली झाला. तत्पूर्वी १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला होता, पण त्याचा संबंध गोद्या, धक्के आणि मालाची चढउतार यांच्याशी होता. लोकांच्या राहत्या घरांशी त्याला फारसे कर्तव्य नव्हते. ‘सिटी ऑफ बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ मात्र मांडवी, नागपाडा, आग्रीपाडा, चंदनवाडी अशा गजबजलेल्या मोहल्ल्यांत आला, तिथली घरे पाडण्याचा अधिकार घेऊन आला, आणि पस्तीस वर्षांनी नाहीसा झाला तेव्हा बेटाच्या उत्तरेकडील भागाचा नकाशा कायमचा बदलून गेला होता.

या संस्थेला जन्म दिला तो प्लेगने. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रोग्यांना गाठीचा प्लेग झाला आहे असे निदान गोव्यात जन्मलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी केले. ते म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे सभासदही होते, त्यामुळे ही वार्ता प्रथम शहराच्या प्रतिनिधींपुढेच आली. पुढच्या पाच महिन्यांत साडेआठ लाखांच्या घरातील वस्तीपैकी चार लाखांच्या आसपास माणसे कोकणात, घाटावर, गुजरातेत आपापल्या गावी निघून गेली, गिरण्यांची चाके मंदावली आणि व्यापारी मंडळींचे धाबे दणाणले. सरकारने आधी माणसांवर हात टाकला : १८९७ च्या साथरोग कायद्याखाली घरोघर झडत्या, रोग्यांची सक्तीने रुग्णालयात रवानगी, आप्तांचे विलगीकरण आणि सामानाची होळी हे सारे सुरू झाले. त्याचा परिणाम पुण्यात जून १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँडच्या हत्येत आणि मुंबईत मार्च १८९८ मध्ये उसळलेल्या दंग्यात दिसला. शरीराला हात लावला की लोक बिथरतात हे कळून चुकल्यावर राज्यकर्त्यांनी आपला मोर्चा इमारतींकडे वळवला. ट्रस्टचा कायदा, म्हणजे १८९८ चा मुंबई कायदा क्रमांक ४, या वळणावरचा आहे आणि त्यामागे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांचा पुढाकार होता.

कायद्यामागील वैद्यकीय समज अशी होती की रोगाचे मूळ जागेत असते; दमट जमीन, कोंडलेली हवा, अंधाऱ्या खोल्या आणि तुंबलेल्या मोऱ्या यांतून तो उपजतो, म्हणून गजबजलेली वस्ती मोकळी करून तिच्यात वारा आणि ऊन खेळवले की तो हटेल. ज्या वर्षी ही समज कायद्याच्या कलमांत उतरली, त्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने कराचीत प्रयोग करून प्लेग उंदराच्या पिसवांमार्फत पसरतो असे दाखवून दिले. त्याचे म्हणणे शास्त्रज्ञांच्या गळी उतरायला आणखी काही वर्षे लागली, आणि तोवर ट्रस्टचे कुदळफावडे चालू झाले होते. चुकीच्या निदानावर उभी राहिलेली संस्था निरुपयोगीच ठरली पाहिजे असे नाही, कारण अंधारी खोली क्षयालाही पोषक असते. परंतु ‘कोंदट वस्ती म्हणजे रोग’ हे समीकरण एकदा डोक्यात पक्के बसल्यावर वस्ती हटवणे हाच उपचार ठरतो आणि त्या वस्तीतील माणसे गेली कुठे हा प्रश्न मागे पडतो, असे पुढे घडले खरे.

रचनेचा नमुना ग्लासगो शहरातून घेतला होता. तिथे १८६६ साली अशाच कामासाठी ट्रस्ट स्थापन झाला होता, पण एक फरक महत्त्वाचा आहे : ग्लासगोत ट्रस्टचे विश्वस्त म्हणजे नगरसभेचे सभासदच होते, तर मुंबईत विश्वस्त मंडळ जाणीवपूर्वक वेगळे ठेवले गेले. १४ जणांच्या या मंडळात कॉर्पोरेशनने निवडलेले चार आणि चेंबर ऑफ कॉमर्स, गिरणी मालक संघ व पोर्ट ट्रस्ट यांचा प्रत्येकी एक सभासद असे; म्युनिसिपल कमिशनर, कलेक्टर आणि मुंबईतील लष्करी तुकड्यांचा प्रमुख हे तिघे पदसिद्ध; उरलेले चार सरकारने नेमलेले, आणि पूर्णवेळ पगारी अध्यक्ष त्यांच्यातलाच. सरकारची बाजू अशी की कॉर्पोरेशनमध्ये घरमालकांचा भरणा आहे, हे लोक स्वतःच्या चाळींवर कुऱ्हाड चालू देणार नाहीत. या म्हणण्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही, कारण मतदानाचा हक्क कर भरणाऱ्या मूठभरांपुरता मर्यादित होता. मात्र भाडेकरूला कॉर्पोरेशनमध्ये आवाज नाही ही उणीव दूर करण्यासाठी जी संस्था काढली, तिच्यातही भाडेकरूला जागा ठेवलेली नव्हती. गिरणी मालकाचा प्रतिनिधी होता, गिरणी कामगाराचा नव्हता.

पैशाची व्यवस्था हा या प्रयोगाचा गाभा होता. सरकारच्या आणि म्युनिसिपालिटीच्या मालकीच्या बऱ्याच मोकळ्या जमिनी ट्रस्टच्या ताब्यात देण्यात आल्या. त्या भाडेपट्ट्याने द्याव्यात आणि येणाऱ्या उत्पन्नाच्या तारणावर चार टक्के व्याजाचे कर्जरोखे, म्हणजे ठरावीक मुदतीने फेडायची लेखी वचनपत्रे, बाजारात विकून भांडवल उभे करावे अशी योजना होती. उत्पन्न अपुरे पडेल तेव्हा म्युनिसिपालिटीने शहरातील मालमत्तेच्या करपात्र मूल्याच्या दोन टक्क्यांपर्यंत रक्कम ट्रस्टला द्यायची होती. तात्पर्य, तूट शहराने सोसायची आणि निर्णय दुसऱ्यानेच घ्यायचा. शिवाय ट्रस्टने बांधलेला रस्ता पूर्ण झाला की तो म्युनिसिपालिटीच्या हवाली होई, आणि मग त्याची झाडलोट, दिवाबत्ती, डागडुजी तिच्याच गळ्यात पडे. कॉर्पोरेशनमधील फिरोजशहा मेहतांसारख्या नेत्यांनी या व्यवस्थेवर टीका केली ती केवळ मानापमानाच्या भावनेतून नव्हती. जो खर्च करतो त्याने हिशेब द्यावा, हे साधे तत्त्व तिच्यामागे होते.

ट्रस्टची हद्द सलग नव्हती, हे त्याचे आणखी एक वैशिष्ट्य. शहरभर विखुरलेल्या तुकड्यांचा तो एक समूह होता आणि प्रत्येक तुकड्याला ‘स्कीम’ म्हणून क्रमांक असे. एखादा भाग राहण्यास अयोग्य आहे असे ठरल्यावर त्याचा नकाशा व खर्चाचा अंदाज तयार होई, जाहीर नोटीस निघे, मालकांच्या हरकती ऐकल्या जात, आणि सरकारची मंजुरी मिळाली की त्या रेषेच्या आतील प्रत्येक घर, अंगण, विहीर आणि दोन इमारतींमधली घरगल्ली ट्रस्टला सक्तीने विकत घेता येई. मोबदल्याचा वाद सोडवण्यासाठी अध्यक्ष आणि दोन सदस्य असे खास न्यायमंडळ नेमलेले होते. मोबदला ठरे तो मुख्यतः भाड्याच्या उत्पन्नावरून, आणि इथेच या यंत्रणेची मोठी विसंगती दडलेली होती : ज्या मालकाने एका खोलीत जास्तीत जास्त माणसे कोंबून भाडे वाढवले होते, त्याचीच चाळ सर्वांत महाग ठरे. रोगट इमारत चालवण्याचे बक्षीस सार्वजनिक तिजोरीतून मिळत होते असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही.

पहिली स्कीम नागपाड्याची होती. पाठोपाठ रस्त्यांच्या स्कीमा आल्या, आणि त्या मुद्दाम पश्चिम-पूर्व आखल्या होत्या, कारण समुद्रावरचा वारा शहराच्या पोटात न्यायचा होता. आजचा शामळदास गांधी मार्ग म्हणजे तेव्हाचा प्रिन्सेस स्ट्रीट आणि चौपाटीकडून डोंगरीच्या दिशेने जाणारा सँडहर्स्ट रोड, म्हणजे आताचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, हे त्या धोरणाचे ठळक नमुने होत. ह्यूजेस रोडला ट्रस्टचे पहिले अध्यक्ष डब्ल्यू. सी. ह्यूजेस यांचे नाव मिळाले. ऐन वस्ती कापत गेलेल्या या रुंद रस्त्यांच्या दुतर्फा दुकानांच्या आणि पेढ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, जमिनीचे भाव चढले, ट्रस्टला चांगले भाडे मिळू लागले. ज्यांच्या खोल्या त्या रेषेत सापडल्या होत्या त्यांनी मात्र काम सोडून लांब जाण्याऐवजी शेजारच्याच आळीत दुसऱ्याच्या खोलीत पोटभाडेकरू म्हणून शिरणे पसंत केले, कारण गोदीतला हमाल किंवा बाजारातला पाटीवाला कामाच्या जागेपासून दूर राहूच शकत नव्हता. एका आळीतली गर्दी काढून दुसऱ्या आळीत ओतली गेली. पुढे खुद्द ट्रस्टच्या अधिकाऱ्यांनाही हे मान्य करावे लागले.

बेघर झालेल्यांसाठी ट्रस्टने चाळी बांधल्या, त्याच आजही मुंबईत ‘बीआयटी चाळी’ म्हणून ओळखल्या जातात. आग्रीपाडा, नागपाडा, चंदनवाडी, मांडवी-कोळीवाडा, इमामवाडा, माझगावची लव्ह लेन, परळ अशा ठिकाणी त्या उभ्या राहिल्या. बहुमजली दगडविटांची इमारत, प्रत्येक मजल्यावर लांब गॅलरी किंवा मधला बोळ, त्याला लागून ओळीने दहा-बारा फुटी खोल्या आणि टोकाला सामाईक नळ व संडास, असे त्यांचे साधारण रूप होते. खाजगी चाळींशी तुलना केली तर त्यांत उजेड जास्त होता, इमारतींमध्ये अंतर होते आणि पाया कोरडा होता. तरीही त्या बांधताना गृहीत धरलेले कुटुंब एका खोलीचेच होते. कष्टकऱ्याला एवढे पुरे, हा निर्णय इमारतीच्या आराखड्यातच होता. १९२१ च्या शिरगणतीच्या वेळीही शहराची सुमारे दोन-तृतीयांश वस्ती एकखोली घरांत राहत होती, म्हणजे पाव शतकाच्या कामानंतरही मूळ प्रश्न बहुतांशी जिथल्या तिथेच होता.

ट्रस्टच्या अध्यक्षांपैकी ज्याने आपल्याच संस्थेच्या कामाचा खोलवर विचार केला असा एक म्हणजे जे. पी. ऑर. घाऊक पाडापाडीने गर्दी हटत नाही हे ओळखून त्याने लक्ष इमारतींमधल्या मोकळ्या जागेकडे वळवले. मुंबईत दोन चाळींच्या पाठी एकमेकींना भिडत आणि मधे उरे ती घरगल्ली, ज्यातून भंग्याने मैला काढायचा आणि ज्यात वरच्या मजल्यांवरचे सांडपाणी, उष्टे, केरकचरा पडायचा. या अरुंद पट्टीकडे उघडणारी खिडकी ही नावाचीच खिडकी असे. ऑरने यावर साडेत्रेसष्ट अंशांचा नियम सुचवला. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेषा काढली तर तिचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक नसावा, असा तो नियम आहे. व्यवहारात त्याचा अर्थ असा की समोरची इमारत जितकी उंच असेल तिच्या निम्मे अंतर मोकळे हवे. चाळीस फूट उंच चाळीसमोर वीस फूट मोकळी जागा ठेवायची, हे हातभर रुंदीच्या घरगल्लीच्या शहरात क्रांतिकारकच होते. इंग्लंडात प्रमाण मानला जाणारा पंचेचाळीस अंशांचा नियम मुंबईच्या जमिनीच्या भावाला परवडणारा नव्हता, आणि प्रखर उन्हाच्या देशात त्याची तितकी गरजही नव्हती, म्हणून काढलेला हा मध्यममार्ग होता. सबंध मोहल्ला भुईसपाट करण्यापेक्षा निवडक खोल्या बंद करून, एखादी मधली इमारत काढून बाकीच्यांना श्वास घ्यायला जागा करावी, याही मताला ऑर आला होता. ट्रस्टच्या आयुष्यात ही समज फार उशिरा आली.

जुन्या शहरात ट्रस्टचे यश जेवढे संशयास्पद, तेवढेच उत्तरेकडे ते निर्विवाद आहे. १९०० च्या आगेमागे आखलेल्या दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा या स्कीमांत भातखाचरे, वाड्या, बागायत आणि लहान गावठाणे असलेली शेकडो एकर जमीन घेतली गेली. इथे आधी घर आणि मागून रस्ता हा मुंबईचा जुना क्रम उलटा झाला : रस्ते, मोऱ्या, बागा पहिल्याने आखल्या आणि भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले. पट्ट्याच्या अटींत भूखंडाचा किती भाग मोकळा सोडायचा आणि किती मजले चढवायचे याची बंधने होती, त्यामुळे शहराचे नियम जिथे दुबळे होते तिथे जमीनमालक या नात्याने ट्रस्टने ते काम करून घेतले. प्रथम गिऱ्हाईक मिळेना. दादरपलीकडे राहायला जाणे म्हणजे शहर सोडणे अशीच लोकांची भावना होती, आणि महायुद्धाने बांधकामाचे साहित्यही महाग केले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत मात्र कारकून, शिक्षक, वकील, डॉक्टर यांचा ओघ लागला आणि पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, फाइव्ह गार्डन्स, किंग्ज सर्कल ही नावे रूढ झाली. पारशी कॉलनीचे श्रेय ट्रस्टमध्येच नोकरीला असलेल्या मंचरजी एदलजी जोशी या अभियंत्याकडे जाते, ज्याने आपल्या समाजातील मध्यमवर्गासाठी भूखंड राखून घेतले. गावदेवीत सारस्वतांच्या सहकारी गृहसंस्थेनेही १९१५ पासून याच धर्तीवर, ट्रस्टकडून घेतलेल्या जागेवर, इमारती उभारल्या. स्वयंपाकघर, न्हाणी, संडास घरातच असलेला ‘ब्लॉक’ मराठी मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडला तो मुख्यतः या वसाहतींत.

ट्रस्टच्या या दोन्ही बाजू एकाच माणसाच्या चरित्रात पाहायला मिळतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या पोयबावडीतील बीआयटी चाळीत दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत १९१२ च्या सुमारास राहायला आले आणि परदेशातील शिक्षणाचा काळ वगळता १९३४ पर्यंत त्यांचे बिऱ्हाड तिथेच होते. नंतर ते दादरच्या हिंदू कॉलनीत बांधलेल्या ‘राजगृहा’त गेले, जिथे त्यांच्या ग्रंथसंग्रहाला मुद्दाम जागा केलेली होती. चाळ ट्रस्टची, आणि कॉलनीची आखणीही ट्रस्टचीच. पण चाळीतून कॉलनीत जाणे हे त्या काळी किती कुटुंबांना शक्य होते, याचा विचार केला की दोन स्कीमांमधले अंतर मैलांत मोजता येत नाही हे ध्यानात येते.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारचाच ट्रस्टवरचा विश्वास उडाला. घरटंचाईच्या काळात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचे तिसरेच खाते उघडले, त्याच्या खर्चासाठी कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला आणि पन्नास हजार खोल्यांची घोषणा केली. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथील २०७ बीडीडी चाळींवर ती थांबली. त्या सिमेंटच्या चाळी उकाड्यामुळे व भाड्यामुळे आरंभी बऱ्याच रिकाम्या राहिल्या आणि बॅक बेच्या भरावाने सरकारचे हात पोळले. या तिसऱ्या खात्याची कथा इथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. एकाच बेटावर म्युनिसिपालिटी, पोर्ट ट्रस्ट, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आणि डेव्हलपमेंट डिपार्टमेंट अशा चार सत्ता शेजारी शेजारी नांदत होत्या आणि प्रत्येकीची रस्त्याची रुंदी वेगळी होती, एवढे सांगितले तरी पुरे. १९१९ च्या राजकीय सुधारणांनंतर आणि मताधिकार विस्तारल्यावर कॉर्पोरेशनची जुनी मागणी टाळणे अवघड झाले. १९२५ च्या कायद्याने ट्रस्टचा कारभार कॉर्पोरेशनच्या वर्चस्वाखाली आला, आणि १९३३ मध्ये तो तिच्यात पूर्णपणे विलीन होऊन त्याची जागा ‘इम्प्रूव्हमेंट्स कमिटी’ या समितीने घेतली. त्यासोबत जमिनी आल्या, पट्टे आले, चाळी आल्या आणि कर्जही आले.

ट्रस्टच्या पद्धतीला पर्याय त्याच्या हयातीतच सुचवला गेला होता. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने जमीन सक्तीने विकत घेण्याऐवजी मालकांच्या वेड्यावाकड्या शेतांचे पुन्हा भूखंड पाडून ते त्यांनाच परत द्यायचे, रस्ते-बागांपुरती जमीन कापून घ्यायची, आणि सुधारणेमुळे वाढलेल्या किमतीचा निम्म्यापर्यंतचा हिस्सा वर्गणी म्हणून वसूल करायचा असा मार्ग घालून दिला. वांद्रे, सांताक्रूझ, पार्ले येथील नगररचना योजना त्यातून झाल्या. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विचारवंताने, जो १९१९ नंतर मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक होता, सुधारणा ट्रस्टांच्या सरळसोट रस्ते काढण्याच्या हव्यासावर कठोर टीका केली. तरीही ट्रस्टचा साचा टिकला. कलकत्त्यात १९१२ पासून, सिंगापुरात १९२७ पासून तो गिरवला गेला, आणि नागपुरात १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेला सुधार प्रन्यास आजही काम करतो.

या साच्याचे सर्वांत मोठे पुनरागमन १९७० मध्ये सिडकोच्या रूपाने खाडीपलीकडे झाले. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन घ्यायची, तिच्यात रस्ते-गटारे घालून भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने द्यायचे आणि त्यातून पुढचा खर्च भागवायचा, ही तीच दादर-माटुंग्याची रीत होती. जमीन सोडणाऱ्या आगरी-कोळी शेतकऱ्यांना आरंभी पैशाच्या मोबदल्यापलीकडे त्या वाढत्या किमतीत वाटा नव्हता, जसा माटुंग्याच्या भातखाचरांवरील कुळांनाही नव्हता. फरक इतकाच की या वेळी लोक संघटित होते : दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के एवढा विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याचे धोरण सरकारला स्वीकारावे लागले.